दोन वर्षे पडून राहिलेला नांगर

आंब्याचा हंगाम सरला की आपल्या जिल्ह्यात पारावर, सोसायटीच्या ओट्यावर आणि ग्रामपंचायतीच्या बाकावर एकच बोलणं ऐकू येतं. माल चांगला होता, पण भाव पडला. दलालाची पट्टी आली आणि पेटी, भाडं, हमाली, अडत वजा जाता हातात काय उरलं ते सांगायची लाज वाटते. बचत गटाच्या बायकांची तऱ्हा याहून वेगळी नाही. कोकमाचं आगळ, आंबापोळी, फणसपोळी, तळलेले गरे सगळं झकास केलेलं असतं, पण बरण्या आणि पाकिटं घरातल्या फळीवर तशीच. चांगला माल आपोआप खपतो असं आपण धरून चालतो. तो तसा खपत नाही, हे ज्याला फार लवकर आणि फार महाग पडून कळलं, अशा एका माणसाची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे. नाव तुम्हाला ठाऊक आहे. विहिरीवरच्या पंपावर ते तुम्ही वाचलेलं असेल. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. मराठी नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. एका खेड्याने नाटकाला एक किर्लोस्कर दिला आणि शेतीला दुसरा. लक्ष्मणरावांचं शाळेत फारसं लक्ष नव्हतं, हात मात्र चित्र काढण्यात आणि यंत्रं खोलून बघण्यात. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे लक्षात आलं की काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला रंग दिसेना म्हणजे सुताराला वाकडं-सरळ कळेना. दुसरा कोणी गावी परतला असता. यांनी रंग सोडले आणि रेघ धरली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकवायला लागले. १८९७ साली बढतीची पाळी त्यांची असताना ती दुसऱ्याला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात त्यांचे थोरले बंधू रामचंद्रराव, म्हणजे रामुअण्णा, होते. दोघा भावांचं दुकान १८८८ पासूनच सुरू होतं आणि त्यात काय विकत होते म्हणाल, तर सायकली. लक्ष्मणराव मुंबईहून सायकल घेऊन पाठवायचे, रामुअण्णा बेळगावात विकायचे. त्या काळी सायकल ही श्रीमंताची चैन, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे ती चालवायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जी वस्तू वापरता येत नाही ती कोण विकत घेईल? म्हणून रामुअण्णा सायकल विकत आणि गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवत. शिकवण्याचे पैसे वेगळे घेत. इथे जरा थांबा. विक्रीतलं पहिलं शहाणपण या भावांना दुकानातच सापडलं होतं. माल हाती दिला म्हणजे विक्री संपली असं नाही, गिऱ्हाइकाला तो माल उपयोगी पडेपर्यंत आपलं काम चालूच असतं. तुमच्यातले कितीजण आंब्याच्या पेटीसोबत आंबा अढीत कसा ठेवायचा, कधी खायला काढायचा, याचा चार ओळींचा कागद टाकतात? पुण्या-मुंबईची नवी गिऱ्हाइकं कच्ची फळं थेट फ्रिजमध्ये ठेवतात, मग ती पिकत नाहीत आणि बोल लागतो तो बागायतदाराला.

बेळगावात भावांनी छोटं वर्कशॉप घातलं. शेतीसाठी पहिलं यंत्र केलं ते कडबा कापायचं. जनावर अख्खा कडबा टाकला की निम्मा पायाखाली तुडवतं, बारीक करून घातला की सगळा खातं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नव्हतं. त्यामुळे त्या यंत्राचा फायदा डोळ्यांसमोर होता. मग १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर केला. गंमत बघा, पुढे ज्यांनी हा कारखाना जगभर नेला ते त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांचाही जन्म त्याच सालचा.

नांगर चांगला होता. देशावरच्या भारी काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा माजला की लाकडी नांगर वरवर ओरखडे काढतो. खोल जायचं तर सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. लोखंडी नांगर जमीन फोडतो आणि नुसती फोडत नाही, ढेकूळ उलटं करून टाकतो. खालची मुळं वर येतात आणि वैशाखाच्या उन्हात करपून जातात. विलायतेतून असे नांगर तेव्हा येत होते, पण ते महाग आणि त्यांचा तुटका भाग मिळायचा कुठे? लक्ष्मणरावांनी तशाच धर्तीचा, इथल्या माणसाला परवडेल असा नांगर इथेच ओतला. म्हणजे वस्तू चांगली, गरज खरी, किंमत कमी. आणि तरीही पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली.

का लागली? सांगणारे पटकन सांगतात की शेतकरी अडाणी, लोखंडाने जमिनीला विष बाधतं असं मानणारे. तशी समजूत होती हे खरं आहे. पण ती फक्त आपल्याकडची नव्हती. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या माणसाने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं, तेव्हा तिथल्या गोऱ्या शेतकऱ्यांनीही हेच म्हटलं. लोखंडाने माती नासते आणि रान माजतं म्हणून त्याचा नांगर त्यांनी घेतला नाही. बेळगावच्या रयतेला एकट्याने नावं ठेवायचं कारण नाही.

माझं मत विचाराल तर शेतकऱ्याची भीती आणि शेतकऱ्याचा अडाणीपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुकानदाराने नवीन माल मागवला आणि तो खपला नाही तर एक फळी अडते. शेतकऱ्याने नवीन अवजाराने अख्खं रान नांगरलं आणि काही बिघडलं तर वर्ष जातं. घर वर्षाच्या दाण्यावर चालतं. असा माणूस पहिल्यांदा नाहीच म्हणणार. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही, त्याला शेजाऱ्याच्या बांधावर उभं करून दाखवावं लागतं. आपले कृषी सहायक ज्याला प्रात्यक्षिक म्हणतात, ते याचसाठी. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानेही पुढे लोखंडी नांगराचा पुरस्कार केला, पण सरकारने चांगलं म्हटलं म्हणून कुणी बैल जुंपले नाहीत. शेजाऱ्याच्या रानातली हरळी मेलेली दिसली तेव्हा जुंपले.

आता यातली दुसरी बाजू, जी सहसा कुणी सांगत नाही. नांगराबद्दल सगळ्याच तक्रारी भीतीपोटी नव्हत्या. नांगराचं टोक, म्हणजे फाळ, लवकर झिजतो अशी तक्रार होती आणि ती खरी होती. ओतीव लोखंड मऊ राहिलं की दगडगोट्याच्या रानात त्याचा निभाव लागत नाही. लक्ष्मणरावांनी गिऱ्हाईक मूर्ख आहे असं म्हणून हात झटकले नाहीत. ओतकामात लोखंड झपकन थंड करून कठीण कसं करायचं, याच्या मागे ते लागले. इंग्रजी शिक्षण बेताचं, पण अमेरिकेतली यंत्रांची मासिकं ते मागवून वाचत. त्यात सापडेल ते करून बघत. फाळ कठीण झाला, झिजला तर बदलता येऊ लागला. मग नांगर चालू लागला, रानातही आणि बाजारातही.

हे आपल्या आंब्याला लावून बघा. हापूसमधला साका ही आपल्या फाळाची झीज आहे. गिऱ्हाईक हजार-दोन हजार मोजून डझन नेतं, घरी कापतं आणि आत पांढरट, सच्छिद्र, आंबूस गर निघतो. त्या घरात पुढच्या वर्षी पेटी जाईल का? दापोलीच्या कृषी विद्यापीठाने यावर पुष्कळ काम केलं आहे. फळ चौदा आणे तयार झालं की काढा, झाडावर जास्त पिकू देऊ नका, काढणी उन्हाच्या आधी किंवा उन्हं कलल्यावर करा, काढलेला आंबा तापल्या कातळावर ठेवू नका, सावलीत ठेवा. विद्यापीठाने १९८१ साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही साका नसलेली जात काढली. फळ उत्तम. पण बाजारात हापूस या नावाला जो मान आहे तो रत्नाला मिळालेला नाही. नावाची ताकद अशी असते, आणि ते नाव आपण साका निघालेल्या फळाने रोज थोडं थोडं झिजवतो.

आता कॉलेजात शिकणारा तुमचा मुलगा तुम्हाला सांगेल की याला मार्केटिंग मिक्स म्हणतात. माल कसा, किंमत किती, तो मिळणार कुठे आणि लोकांना कळणार कसा, या चार गोष्टींची मोट. १९६० साली मॅकार्थी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने ती इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या चार शब्दांत बांधली आणि तेव्हापासून परीक्षेत विचारली जाते. लक्ष्मणराव १९५६ सालीच गेले. त्यांनी हे शब्द ऐकलेही नाहीत. पण चारांपैकी एक दोर सुटला तरी मोट विहिरीत पडते, हे त्यांच्या धंद्यात जागोजाग दिसतं. मला विचाराल तर त्यातला सर्वात दुर्लक्षित दोर म्हणजे ठिकाण.

झालं असं की बेळगावात बस्तान बसतं न बसतं तोच नगरपालिकेने नवीन वस्तीसाठी त्यांची जागा मागितली. कारखाना हलवायचा कुठे? पैसा नव्हता. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी, तेच सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते आणि स्वतः चित्रकार, हे लक्ष्मणरावांना ओळखत. १९०९ साली ते गादीवर आले होते. त्यांनी आपल्या संस्थानात जागा दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. आता जागा कुठली घ्यावी? औंध ही राजधानी, पण रेल्वेपासून लांब. लक्ष्मणराव राजाच्या वाड्याजवळ गेले नाहीत. त्यांनी घेतली ती कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर माळजमीन. पाणी नाही, सावली नाही, निवडुंग माजलेला आणि त्यात नागांची वस्ती. १९१० साली पंचवीसेक कामगार आणि त्यांची बायकामुलं घेऊन ते तिथे उतरले. आज ते ठिकाण सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येतं.

माळ वाईट होता, पण शेजारून रूळ जात होते. नांगर ही काही टोपलीत घालून बाजाराला न्यायची चीज नाही. लोखंड आणायचं, कोळसा आणायचा आणि तयार नांगर धारवाडपासून खानदेशापर्यंत पोचवायचे, तर वाघिणीशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यांनी जमिनीचा कस नाही पाहिला, मालाची वाट पाहिली. पुढे त्या वस्तीला किर्लोस्करवाडी नाव पडलं आणि काही काळाने रेल्वे स्टेशनचंही नाव तेच झालं. कोल्हापूर-मिरजेकडून पुण्याला गाडीने गेला असाल तर ती पाटी तुम्ही पाहिली असेल. शंभराहून अधिक वर्षं येणारा-जाणारा प्रवासी ते नाव वाचतो आहे. वर्तमानपत्रात एवढी जाहिरात द्यायची तर कारखाना विकावा लागला असता.

वाडीवरची माणसंही बघण्यासारखी. शंभूराव जांभेकर ओतकाम बघत, यंत्रं बघत आणि आजाऱ्याला औषधही देत. मंगेशराव रेगे हिशेब, कोठार आणि पत्रव्यवहार सांभाळत. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्राचं डोकं असं की भलेभले इंजिनिअर थक्क व्हावेत. रखवालीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही शिक्षा भोगून आलेले. ज्यांना गाव दाराशी उभं करत नव्हतं त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी कारखान्याच्या किल्ल्या दिल्या. वाडीत शिवाशीव पाळायची नाही असा त्यांचा दंडक होता. कामगारांसाठी कारखान्याजवळ घरं, शाळा, झाडं अशी वस्ती वसवायची कल्पना त्यांनी परदेशी मासिकांत वाचली होती. साबणवाल्या लिव्हर यांनी इंग्लंडात पोर्ट सनलाइट नावाची अशीच वस्ती वसवली होती. आता हे सगळं विक्रीच्या गोष्टीत कशाला, असं कुणी म्हणेल. पण ज्या कारखान्यात ओतारी चार महिन्यांनी बदलतो तिथला फाळ एकसारखा निघत नाही. आणि फाळ एकसारखा नसेल तर झिजलेला काढून नवा बसवायचं वचन पाळता येत नाही. सुट्या भागाचा धंदा टिकून राहिलेल्या कारागिरावर उभा असतो.

दरम्यान पहिलं महायुद्ध आलं. १९१४ ते १९१८ ही चार वर्षं विलायती नांगर येणं जवळपास थांबलं. मागणी इथल्या नांगराकडे वळली. पण तेव्हा कच्चं लोखंडही मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा वितळवायला दिल्या आणि तोफांचे नांगर झाले. ही गोष्ट सगळे मोठ्या चवीने सांगतात, सांगण्यासारखी आहेही. मला मात्र त्यातली धंद्याची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. बाजार रिकामा झाला तेव्हा यांच्याकडे दहा वर्षांत घासून-पुसून तयार झालेला नांगर होता. संधी सगळ्यांना येते, पण त्या दिवशी माल तयार असावा लागतो. आणि नुसती टंचाई होती म्हणून खपलेला माल टंचाई सरल्यावर पडतो. यांचा नांगर युद्ध संपल्यावरही खपत राहिला.

तो काळ स्वदेशीचाही होता हे विसरू नका. १९०५ नंतर महाराष्ट्रात विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या, स्वदेशी दुकानं निघाली, काडेपेटी आणि काचसामानाचे कारखाने निघाले. त्यातले पुष्कळसे काही वर्षांतच बसले. भावनेवर माल एकदा खपतो. काडी पेटली नाही की दुसऱ्यांदा तीच पेटी कुणी घेत नाही. किर्लोस्करांचा नांगर स्वदेशी होताच, पण जो शेतकरी बैल जुंपून उभा आहे त्याला फाळ टिकतो का एवढंच हवं होतं. आपलं कोकणचं म्हणून घ्या, गरीब बायकांनी केलं म्हणून घ्या, असं सांगत प्रदर्शनात माल विकणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा. मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला आपल्या जिल्ह्याचे गट जातात. पहिली बाटली आपुलकीने जाते. दुसऱ्या बाटलीसाठी त्या बाईला तुमचा फोन नंबर लेबलवर सापडला पाहिजे आणि चव तीच निघाली पाहिजे.

१९२० साल आलं. किर्लोस्कर ब्रदर्स ही त्या वर्षी मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच वर्षी वाडीवरून एक छोटं मासिक निघालं. नाव 'किर्लोस्कर खबर'. काढणारे लक्ष्मणरावांचे पुतणे, शंकर वासुदेव किर्लोस्कर. हे मूळचे चित्रकार. मुखपृष्ठं काढत, व्यंगचित्रं काढत आणि कारखान्याच्या जाहिरातीचं कामही बघत. सुरुवातीला हेतू अगदी साधा होता. कारखान्याचा माल, त्याचा वापर, नवीन काय निघालं, ही खबर गिऱ्हाईक आणि विक्रेते यांना पोचवायची. पण नुसत्या आपल्याच मालाचं कौतुक कोण महिनोन् महिने वाचणार? शंकररावांनी त्यात उद्योगधंद्याची माहिती घातली, धडपडून वर आलेल्या माणसांची चरित्रं घातली, गोष्टी घातल्या, समाजसुधारणेचे लेख घातले. वाचणाऱ्याला मासिक हवंहवंसं झालं आणि त्या पानांतून किर्लोस्कर हे नाव नांगर कधीच न धरलेल्या घरातही गेलं.

ही युक्ती जगात नवी नव्हती. अमेरिकेत जॉन डिअर नावाच्या लोहाराने १८३७ साली इलिनॉय राज्यातल्या एका खेड्यात जुन्या करवतीच्या पोलादी पात्यापासून नांगर केला होता, कारण तिथल्या चिकट मातीत ओतीव नांगराला चिखल धरत असे. त्याच्या कंपनीने १८९५ पासून शेतकऱ्यांसाठी मासिक काढलं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर नांगराचा तास. त्यात शेतीची माहिती असे आणि जोडीला अवजारांच्या जाहिराती. ते आजही निघतं. म्हणजे दोन देशांतल्या दोन नांगरवाल्यांना एकच गोष्ट उमगली की शेतकऱ्याला माल विकायचा तर आधी त्याच्या उपयोगाचं काहीतरी फुकट किंवा स्वस्तात द्यावं लागतं, आणि ते म्हणजे माहिती.

१९२९ साली नावातला 'खबर' शब्द गेला आणि मासिक नुसतं 'किर्लोस्कर' झालं. १९३० साली बायकांसाठी 'स्त्री' निघालं, १९३४ साली 'मनोहर'. या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाचं मन किती बदललं हा मोठा विषय आहे आणि या पानाचा नाही. आपल्याशी त्याचा धागा एवढाच की रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले विनायक दामोदर सावरकर 'किर्लोस्कर'मध्ये लिहीत. पोथीपेक्षा विज्ञान बघा असं सांगणारे त्यांचे लेख बरेच गाजले, त्यावर वादही झाले. नांगर विकणाऱ्या कारखान्याच्या मासिकात असे वाद छापले जात होते. आज एखादी खतकंपनी आपल्या पत्रकात असं काही छापेल का, मला शंका आहे.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी यातून एक हिशेब करून बघावा. गावाच्या नावाने काहीतरी विकायचं तर फलक लावून भागत नाही. गावच्या मालाबद्दल सांगण्यासारखं काय आहे, ते कोण लिहितो आणि ते कुणापर्यंत पोचतं? २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच हापूस म्हणता येईल असा त्याचा अर्थ. कागद मिळाला. पण दुसऱ्या राज्यातला आंबा आपल्या नावाच्या पेटीत भरला गेला तर गिऱ्हाइकाला फरक कसा कळणार? कळवायचं काम कागद करत नाही. नोंदणी केलेल्या बागायतदाराने पेटीवर आपलं नाव, गाव आणि नोंदणी क्रमांक घातला, आणि गिऱ्हाइकाला तो तपासायची सवय लावली, तरच त्या मानांकनाला दाम आहे. ज्यांनी अजून नोंदणी केलेली नाही त्यांनी निदान चौकशी तरी करावी.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. किर्लोस्करांचा तो नांगर आपल्या कोकणात फारसा रुजला नाही, रुजण्यासारखा नव्हताही. आपली भाताची खाचरं हातभर, बांध उंच, चिखलणीला हलका नांगर लागतो आणि बैलही लहान चणीचे. वरकस जमिनीत मातीचा थर तो केवढा, खाली जांभा. तिथे खोल नांगरून काय वर काढणार? देशावर ज्याने क्रांती केली ते अवजार घाटाखाली निरुपयोगी ठरू शकतं. हा नांगराचा दोष नव्हे आणि आपलाही नव्हे. पण योजना आखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. विदर्भात चाललेली वस्तू राजापुरात चालेलच असं नाही, आणि मुंबईत खपलेलं पाकीट चिपळूणच्या बाजारात तसंच्या तसं खपेल असंही नाही.

किर्लोस्करांनाही हे कळत होतं. ते एका नांगरावर बसून राहिले नाहीत. उसाच्या टापूत लाकडी चरकाच्या जागी लोखंडी चरक दिला, भुईमुगाच्या टापूत शेंगा फोडायचं यंत्र दिलं. हातपंप केले, लोखंडी फर्निचरही केलं. ज्या मातीत जे पिकतं त्याप्रमाणे यंत्र. १९२६ च्या सुमाराला पाणी उपसायचे पंप निघाले आणि ते मात्र घाट उतरून आले. आपल्या सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्यांना रहाटाने, लाटेने पाणी घालण्यात माणसांचा आणि बैलांचा जन्म जात असे. विजेची तार गावोगावी पोचली तशी विहिरीवर मोटार आली आणि रहाटाची माळ अडगळीत गेली. कोकणाने किर्लोस्करांचा नांगर नाकारला आणि पंप घेतला.

लक्ष्मणराव पुढे कारखान्याच्या रोजच्या कामातून हळूहळू बाजूला झाले. अमेरिकेतून इंजिनिअर होऊन आलेले शंतनुराव आणि बाकीची पुढची पिढी पुढे आली. १९४६ साली पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांची कंपनी सुरू झाली. वीज नसलेल्या गावात विहिरीवर धडधडणारं इंजिन ज्यांनी ऐकलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. २० जून १९६९ रोजी, जन्माला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. वाडी आजही आहे, कारखाना आजही चालतो आणि तिथे पंप तयार होतात.